गुंड्या आणि पृथ्वीचं चुंबकत्व

घरात कामांची वाटणी झाली तेव्हा मी बाजारहाट आणि वीजबिल मागून घेतलं होतं. पदरात पडला गुंड्या. त्यामुळे रोज सकाळी साडेसहाला एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात कालचा पेपर (पुढच्या प्रसंगासाठी) असा मी गेटबाहेर पडतो. कोपऱ्यावरची डेअरी चार मिनिटांवर आहे. गुंड्यासोबत गेलं तर दूध संपायच्या बेतात असतं.

वाटेत विजेचा एक खांब लागतो. गुंड्या तो बुडापासून हुंगायला घेतो, मग उजवी बाजू, मग दोन पावलं मागे, मग पुन्हा पहिली जागा. काही राहून गेलं असावं. मी पट्टा ओढला की चारही पाय रोवतो आणि मान न वळवता फक्त एक डोळा माझ्याकडे करतो. सरकारी कचेरीत चुकीच्या खिडकीवर गेलेल्या माणसाकडे कारकून बघतो, तसा.

पूर्वी मला निदान चिडता तरी यायचं. ते सुखही लेकीने हिरावून घेतलं. “बाबा, ओढू नकोस त्याला! तुझ्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, त्याच्या नाकात तीस कोटींपर्यंत.” शिवाय कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूने फट असते. सोडलेला श्वास तिथून निघून जातो आणि नवा वास आत येतच राहतो. सेकंदाला पाच-पाच वेळा हुंगता येतं म्हणे. आपल्याला श्वास सोडायला तरी थांबावं लागतं, याला तेवढंही निमित्त नाही. रात्री इथे कोण येऊन गेलं, नर की मादी, ओळखीचं की परकं, सगळं त्याला खांबापाशी कळतं. मला तिथे एकच वास येतो आणि तो सांगण्यासारखा नाही.

हुंगून झालं की तो स्वतःची भर घालतो. बी विंगमधला पॉमेरियन तर पाय इतका वर नेतो की तोल जाईल असं वाटतं. लहान चणीचे कुत्रे पाय जास्त उंच उचलतात, हे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी 2018 साली मोजून दाखवलंय. खूण जितकी उंच, तितका पुढच्याला वाटणार की कुणीतरी आडदांड गडी येऊन गेला, असा त्यामागचा अंदाज. (आपल्याकडे यासाठी फ्लेक्स लावतात.)

डोळ्यांच्या बाबतीत मात्र निसर्गाने हात आखडता घेतलाय. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल-हिरव्यात गल्लत होते. आणि आमच्या घरी गुंड्यासाठी आलेला चेंडू लालभडक! मी तो गवतात फेकतो, गुंड्या बसून राहतो आणि मी शोधून आणतो. त्याला हा खेळ फार आवडतो.

खरी परीक्षा शेवटी असते. मुख्य कार्यासाठी गुंड्याला जागा लागते आणि जागा मिळाली की दिशा लागते. तो गोल फिरतो, बसतो, उठतो, उलटा फिरतो. जर्मनी आणि चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी यावर 2013 साली चक्क शोधनिबंध छापला. 37 जातींचे 70 कुत्रे, दोन वर्षं, आणि कोण कुठे तोंड करून बसलं याच्या 1,893 नोंदी. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तर कुत्रे अंग उत्तर-दक्षिण ठेवून बसतात, असं त्यातून निघालं. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस) मिळालं. मला आदर वाटतो तो होकायंत्र आणि वही घेऊन 1,893 वेळा मागे उभ्या राहिलेल्या मालकांचा. त्यांची घरची माणसं काय म्हणाली असतील!

मीही एकदा पेपर काखेत मारला आणि मोबाइलवरचं होकायंत्र उघडलं. गुंड्याने बऱ्याच प्रदक्षिणा घातल्या आणि निवांत आग्नेयेकडे तोंड करून बसला. “आज चुंबकीय क्षेत्र अस्थिर असेल,” असं लेकीने नंतर सांगितलं. गुंड्या चुकतो, ही शक्यता आमच्या घरात विचारात घेतली जात नाही.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचे काका मॉर्निंग वॉकहून परतले. माझ्या मोबाइलकडे पाहून थबकले.

“वास्तू बघता की काय तुम्ही?”

एका हातात पट्टा, दुसऱ्यात होकायंत्र, समोर कार्यमग्न कुत्रा. खरं कारण सांगण्यापेक्षा हेच बरं वाटलं. “थोडंफार,” म्हणालो.

आता काका रोज गाठतात. गॅसचा ओटा कुठे हवा, तिजोरीचं दार कुठे उघडावं. रविवारी देवघर बघायला घरीच बोलावलंय. “गुंड्याला घेऊन येऊ का?” असं अगदी जिभेवर आलं होतं, पण काकूंनी नुकताच नवा गालिचा घेतलाय.