नाट्यवाचनाला आवाजाची परीक्षा नको

नाट्यवाचन म्हटलं की चार कसलेले आवाज, चार माइक आणि समोर गप्प बसलेले श्रोते, हेच आपल्या डोळ्यांपुढे येतं. तसं अभिवाचन ऐकायला छानच वाटतं. पण नाटक वाचनालयात, सोसायटीच्या हॉलमध्ये, ज्येष्ठ नागरिक संघात खरोखर पोचवायचं असेल, तर ऐकायला आलेल्या माणसाच्या हातात संहिता द्या. आवाजाची चाचणी अजिबात नको.

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' (1985) गोल बसून वाचायला फार चांगलं. पात्रं थोडी, बहुतेक एकाच घरातली. तरी पंधरा-वीस जणांना वाचता येतं, कारण दर प्रवेशाला वाचक बदलता येतात. मात्र तेव्हा कोण कुठलं पात्र वाचतंय याचा हमखास गोंधळ होतो. त्यावर उपाय म्हणजे पात्राच्या नावाची जाड अक्षरातली पाटी. वाचक बदलला की पाटी पुढच्याकडे जाते, आणि तेवढं मोठ्याने सांगायचंही, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांनाही कळतं.

'मला नाही जमणार' म्हणणाऱ्याला दादी, म्हणजे या घरातली म्हातारी आजी, द्या. ती अंथरुणावरून सारखी वेळ विचारत राहते. वाक्य छोटं, पाठ होण्यासारखं, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही ते घेता येतं. शेजारच्याने फक्त हाताला स्पर्श करून खूण करायची. दादीला वर्तुळाबाहेर पाठमोरं बसवा. आवाज आतल्या खोलीतून आल्यासारखा वाटतो आणि अख्खा वाडा ऐकू येतो.

यातली वऱ्हाडी बोली हा खरा अवघड भाग. मुंबई-पुण्याकडचे वाचक तिला हेल काढून वाचतात, लोक हसतात, आणि थोरला मुलगा भास्कर आणि त्याची बायको, म्हणजे वहिनी, यांच्या पैशाअडक्याच्या बोलण्यातला ताण पार निघून जातो. छापलंय तसं, रोजच्या वेगाने वाचा, चाल लावू नका. गटात वऱ्हाडचं कुणी असेल तर पहिली दोन पानं त्यांनाच वाचू द्या.

कागदाकडे फार दुर्लक्ष होतं. टाइप 16 पॉइंटचा, छपाई एका बाजूला, पानं सुटी. टाचलेली पानं उलटताना खडखडतात आणि नेमकी पुढच्याची वाक्यं बुडतात. एक प्रत दोघांत चालते, तिघांत नाही. मात्र नव्या नाटकाच्या झेरॉक्स काढू नका, पुस्तकं विकत घ्या आणि हक्कधारकांची परवानगी मागा. 1919 मध्ये गेलेल्या राम गणेश गडकऱ्यांची नाटकं घेतली तर ही अडचण नाही. लेखकाच्या मृत्यूला 60 वर्षं उलटून गेल्याने ती हवी तेवढ्या मोठ्या अक्षरात छापता येतात.

रंगसूचनांसाठी एक स्वतंत्र वाचक ठेवा. 'रागाने', 'हसून' वगैरे खोडून टाका, ते आवाजातून कळतंच. कोण आलं, कोण गेलं, हातात काय आहे, एवढं मात्र वाचायलाच हवं.

आणि उच्चार सुधारू नका, ही माझी हात जोडून विनंती. कुणी 'पानी' वाचलं की मध्येच 'पाणी' म्हणणारं कुणीतरी असतंच. त्या एका शब्दाने तो वाचक पुढचं सगळं दबक्या आवाजात वाचतो आणि पुढच्या वेळी येतच नाही. त्या दुरुस्ती करणाऱ्यांना आधीच रंगसूचना वाचायला द्या.