डॉल्फिनच्या उड्या आणि त्सुनामी: एक खुलासा

‘कर्दे-मुरुडच्या समुद्रात डॉल्फिन वेड्यासारखे उड्या मारतायत, त्सुनामी येणार, किनारा सोडा’ हा मेसेज दोन दिवस दापोलीच्या ग्रुपांवर फिरतोय. तो खोटा आहे. माझ्या आत्याने तो वाचून सामान बांधायला घेतलं, म्हणून लिहितोय.

आपल्या किनाऱ्यालगत दिसतात ते बहुतेक हम्पबॅक, म्हणजे पाठीवर कुबडासारखा उंचवटा असणारे डॉल्फिन. थंडीत सकाळी होडीवाले पर्यटकांना तेच दाखवायला नेतात. मासळी घेरताना, एकमेकांशी खेळताना, जोडीदाराच्या मागे लागताना ते उसळतात. मेसेजसोबतचा व्हिडिओ नीट पाहा: आईच्या कडेने एक पिल्लू तीनदा वर येतं आणि तिच्याच अंगाला घासून पाण्यात जातं. किती गोड आहे ते! त्यात त्सुनामीची कुठलीच खूण नाही.

त्सुनामी येते ती बहुधा समुद्रतळाच्या मोठ्या भूकंपाने. तिचा इशारा देणारं केंद्र हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेत २००७ पासून आहे. आज सकाळी त्यांचं संकेतस्थळ पाहिलं, कोकणासाठी काहीही इशारा नाही.

तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांना हा खुलासा पाठवा, विशेषतः घरी एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना.