किंग्स्टन ट्रायो म्हणजे नुसतं ‘टॉम डूली’?

अमेरिकन लोकसंगीताचा विषय निघाला की एक मत हमखास पुढे येतं: द किंग्स्टन ट्रायो हे स्टुडिओत घडवलेलं गुळगुळीत त्रिकूट होतं, ‘टॉम डूली’ हे एक गाणं तेवढं चाललं, तिघांपैकी डेव्ह गार्ड सोडून गेला, गायक-गीतकार बॉब डिलन आला आणि यांचा कारभार आटोपला. वर पुरवणी अशी की त्यांचं लोकसंगीतही नकलीच.

एकाच गाण्याचा मुद्दा पटकन निकालात काढू. १९५९च्या अखेरीस ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत साप्ताहिकाच्या यादीत पहिल्या दहांत एकाच वेळी त्यांच्या चार एलपी (लाँग-प्ले तबकड्या, म्हणजे अल्बम) होत्या. पहिल्या क्रमांकावर गेलेल्या एकूण पाच.

स्टुडिओच्या आरोपात थोडं तथ्य आहे. ‘अ‍ॅट लार्ज’ या एलपीपासून निर्माते व्हॉइल गिलमोर त्यांच्याच आवाजावर त्यांचा आवाज चढवू लागले. पण ही १९५९ची गोष्ट. त्याआधी गार्ड, बॉब शेन आणि निक रेनॉल्ड्स सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘पर्पल अनियन’ आणि ‘हंग्री आय’ या क्लबांत गाऊन तयार झाले होते. पहिली एलपी तीन दिवसांत उरकली, ती काय उगाच?

आणि पुरावा हवाच असेल तर ‘स्टिरिओ कॉन्सर्ट’ ही थेट मैफलीत मुद्रित केलेली एलपी ऐका. डिसेंबर १९५८, टेक्सासमधल्या एल पासोचा लिबर्टी हॉल. ‘टॉम डूली’ नुकतंच पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेलं. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीनं, कॅपिटलनं, ही एलपी फक्त स्टिरिओत (दोन वाहिन्यांच्या ध्वनीत) काढली, तेव्हा बहुतेक घरांत मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचे प्लेअर! त्यात त्याच सुमारास आलेली त्यांची दुसरी मैफलीची एलपी ‘फ्रॉम द हंग्री आय’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, आणि ही मागे पडली ती पडलीच. माझ्या मते दोन्हींत हीच सरस. ‘टॉम डूली’त कॉर्ड दोनच, तीन गळे, गिटार, बँजो एवढ्यावर ते रंगवायचं म्हणजे लपायला जागाच नाही. ‘झोम्बी जांबोरी’ कॅरिबियन ठेक्यावर धावतं. आणि ‘द मेरी मिन्युएट’? जगभरचे द्वेष मोजत मोजत थेट अणुबॉम्बपर्यंत पोचणारं तिरकस गाणं, तेही हसतखेळत. याला गुळगुळीत म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

गार्ड १९६१मध्ये गेला हे खरं. त्याच्या जागी आलेला जॉन स्टुअर्ट काही भरतीचा गडी नव्हता. मंकीज या बँडनं गाजवलेलं ‘डेड्रीम बिलीव्हर’ पुढे त्यानंच लिहिलं. त्याच्या काळात, १९६३मध्ये, ‘रेव्हरंड मिस्टर ब्लॅक’ पहिल्या दहांत गेलं. ट्रायो थांबलं १९६७च्या जूनमध्ये. उतरती कळा लागली होती, पण तिचं खापर डिलनपेक्षा बीटल्सच्या लाटेवर फोडायला हवं.

राहिला ‘नकली’चा शिक्का. टॉम ड्यूला नावाच्या माणसाला १८६८मध्ये नॉर्थ कॅरोलायनात फाशी झाली. ‘टॉम डूली’ हे त्याचंच गाणं. ते तिथल्याच फ्रँक प्रॉफिटनं लोकगीतांचा संग्राहक फ्रँक वॉर्नरला ऐकवलं, आणि तिथून ते पुस्तकात, मग या तिघांकडे आलं. रेकॉर्डवर मात्र नाव आधी गार्डचं. प्रकरण कोर्टात गेलं, तडजोड झाली. हा आक्षेप मला पूर्ण मान्य. फक्त तो श्रेयाचा आणि पैशांचा आहे. एल पासोत गायलेल्या गळ्यांना तो लागू होत नाही.