पांढरा, सुती, सैल, अर्ध्या बाह्यांचा: एका फॉरवर्डची उलटतपासणी

होळी पेटली की व्हॉट्सअ‍ॅपवर तो फॉरवर्ड येतोच. यंदा आमच्या सायकलच्या ग्रुपवर तो एका काकांनी टाकला. काका रोज पहाटे खडकवासल्याला जाऊन येतात, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे. बघता बघता खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मजकूर थोडक्यात असा:

‘उन्हाळ्यात सायकल चालवताना पांढरा, सुती, सैल, अर्ध्या बाह्यांचा टी-शर्टच घालावा. सिंथेटिक जर्सी म्हणजे अंगावर प्लास्टिक, त्यात उष्णता कोंडते. पूर्ण बाह्यांनी जास्त गरम होतं, शिवाय ड जीवनसत्त्व मिळत नाही. गडद रंग ऊन ओढतो. आपली कातडी उन्हाला सरावलेली आहे, गोऱ्यांचे नियम आपल्याला नकोत. पहाटे निघालात तर प्रश्नच नाही. यूपीएफ वगैरे कंपन्यांचे धंदे. आपले पूर्वज मूर्ख नव्हते.’

शेवटचं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. बाकीच्यांचं एकेक करून बघू.

आधी कबुली देते, की बरीच वर्षं मीही हेच मानत होते. एका एप्रिलमध्ये दिवे घाट, सासवड, नारायणपूर, कापूरहोळ आणि परत कात्रज असा जेमतेम शंभर किलोमीटरचा फेरा मारला. अंगात फॉरवर्डबरहुकूम पांढरा सुती टी-शर्ट. सासवडपर्यंत झकास. शिंदेवाडीकडून जुना कात्रज चढायला लागले तेव्हा अकरा वाजून गेले होते. टी-शर्ट ओला होऊन पाठीला पापडासारखा चिकटलेला, खाली वाकल्यामुळे कंबरेपाशी चार बोटं वर सरकलेला. घरी येऊन बेसिनमध्ये पिळला तर धार लागली. संध्याकाळी अंगावर पाणी घेतलं आणि किंचाळले. कंबरेवर लाल पट्टा होता, ते समजू शकत होते. पण खांद्यांवर आतल्या कपड्याच्या पट्ट्यांची नक्षी उमटली होती. म्हणजे पट्ट्यांखालची कातडी ठीक आणि बाजूची भाजलेली, वर टी-शर्ट असूनही. ऊन कापडातून आरपार आलं होतं.

‘पांढरा सुती म्हणजे उन्हापासून बचाव.’

नाही. फॉरवर्ड इथे दोन गोष्टींची गल्लत करतो: थंड वाटणं आणि अतिनील किरण अडणं. कापड किती अतिनील किरण अडवतं हे सांगायला यूपीएफ नावाचा आकडा आहे. ५० यूपीएफच्या कापडातून पन्नासातला एक भाग, म्हणजे २ टक्के किरण आत येतात. साध्या पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा आकडा साधारण पाच ते सात भरतो, आणि भिजल्यावर तो आणखी खाली येतो, कारण धाग्यांमधल्या फटींत पाणी भरलं की कापड पारदर्शक होतं. पावसात भिजलेला पांढरा शर्ट कसा दिसतो हे सांगायला नको. सायकलवर पहिल्या घाटातच तुम्ही तो घामाने भिजवता आणि पुढचे चार तास तोच घालून फिरता.

त्यातही ब्लीच करून पांढरंशुभ्र केलेलं सुत अधिक कुचकामी. कापसात मूळचे काही रंगद्रव्यांसारखे घटक असतात, ते अतिनील किरण थोडेफार शोषतात. ब्लीच केलं की तेही जातात. त्यामुळे पिवळसर, ब्लीच न केलेलं मांजरपाट हे दुकानातल्या चकचकीत पांढऱ्या होजिअरीपेक्षा बरं. मांजरपाटाची जर्सी कुणी शिवून घालेल असं नाही, पण माहिती असावी.

आणि सायकलवर आपण उभे नसतो. हँडलवर वाकलेली पाठ जवळजवळ आडवी असते. दुपारचं डोक्यावरचं ऊन उभ्या माणसाच्या डोक्यावर आणि खांद्यांवर पडतं. आपल्या मात्र अख्ख्या पाठीवर वाळवणासारखं पसरतं. पुण्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर माथ्यावर. त्या दिवसांत आपण पाठ आकाशाला दाखवत फिरत असतो. म्हणून टॉप बघताना मी छाती बघतच नाही. पाठ आणि खांद्यांचं कापड ट्यूबलाइटसमोर धरते. दिव्याची नळी स्पष्ट दिसली तर परत टांगून ठेवते. ही काही अचूक चाचणी नव्हे, दिसणारा उजेड आणि अतिनील किरण वेगळे. पण ढोबळ चाळणी म्हणून चालते.

‘सिंथेटिक म्हणजे प्लास्टिक, उष्णता कोंडते.’

पॉलिएस्टर प्लास्टिकच आहे, हे खरं. पण गंमत अशी, की त्याच्या रेणूत बेंझिनची कडी असते आणि ती अतिनील किरण शोषते. कापसाच्या सेल्युलोजमध्ये तसं काही नसतं. त्यामुळे सारख्याच जाडीच्या, सारख्याच विणीच्या दोन कापडांत पॉलिएस्टर सहसा जास्त ऊन अडवतं.

उष्णतेचं म्हणाल तर हिशोब असा. पायडल मारताना शरीर जितकी ऊर्जा खर्चतं त्यातली वीस-पंचवीस टक्केच सायकल पुढे ढकलण्यात जाते. बाकीची उष्णता. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे घाम वाळणं: एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. वाफ झाली तर! थेंब होऊन टपटपलेला घाम वाया गेला. कापूस पाणी धाग्याच्या आत पितो आणि धरून बसतो, पॉलिएस्टर आत जवळजवळ घेतच नाही. चांगल्या विणीचं पॉलिएस्टर घाम धाग्यांच्या मधल्या फटींतून बाहेरच्या बाजूला ओढतं, समईची वात तेल ओढते तसा. तिथे तो पसरतो आणि वाऱ्याने वाळतो.

आता इथे मला काकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. एप्रिलमधल्या पुण्याच्या कोरड्या हवेत ओला सुती कपडा मस्त गार वाटतो, माठाला फडकं गुंडाळल्यासारखा. अर्ध्या तासाच्या ऑफिसच्या रपेटीला सुती शर्ट घालून जाणाऱ्याला मी कधी अडवणार नाही. अडचण लांबच्या अंतराला येते: तो ओला राहतो, जड होतो, काखेत आणि कंबरेशी घासतो, आणि घाट उतरताना त्याच ओल्या कपड्यातून वारा लागून हुडहुडी भरते. मुंबईत किंवा कोकणात तर हवेतच इतका दमटपणा की तो वाळण्याचं नावच घेत नाही.

आणि सगळं पॉलिएस्टर चांगलं असंही नाही. कार्यक्रमात फुकट वाटतात ते छापील टी-शर्ट घट्ट विणीचे, मेणकापडासारखे असतात. समोर तळहाताएवढा रबरी लोगो असेल तर तेवढ्या जागेतून घाम जायला वाटच नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा तसाच एखादा घालून बघितला असावा, त्याचा राग मी समजू शकते. वासाच्या बाबतीतही सुत जिंकतं. पॉलिएस्टरमध्ये घामाचा वास मुरतो. घरी आल्या आल्या धुवायचं, हाच उपाय. धुताना कपडे मऊ करणारं लिक्विड मात्र घालू नका, धाग्यांवर थर बसतो आणि घाम ओढण्याचा गुण मंदावतो.

‘पूर्ण बाह्यांनी जास्त गरम होतं.’

घरात बसलेल्याला होतं. सायकलवर उघड्या हातांवर ऊन थेट पडून कातडी तापते. पातळ बाही ते ऊन वरच्या वर झेलते, घामाने ओली होते आणि वाऱ्याने गार पडते. हे मी सांगून कुणाला पटत नाही, म्हणून एक सोपा प्रयोग: आर्म स्लीव्हची, म्हणजे हातावर चढवायच्या सुट्या बाह्यांची, जोडी विकत घ्या, एकच हातावर चढवा आणि अकरा वाजता तासभर चालवा. कोणता हात चटके खातोय ते तुमचं तुम्हाला कळेल. बाटलीतलं पाणी बाहीवर ओतलं तर पुढची दहा मिनिटं एसी.

ड जीवनसत्त्वाबद्दल एवढंच, की चेहरा, बोटं आणि शॉर्ट्सखालचे पाय उघडेच असतात. त्यासाठी खांदे भाजायची गरज नाही.

‘गडद रंग ऊन ओढतो.’

अर्धं खरं. काळा रंग प्रकाश शोषतो आणि तापतो. पण वाळवंटातले भटके बेदुइन लोक काळे झगे का घालतात याचा १९८० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला होता. काळ्या आणि पांढऱ्या झग्यात अंगापर्यंत पोचणारी उष्णता सारखीच निघाली. झगा सैल असल्यामुळे काळ्या कापडाने ओढलेली जादा उष्णता हवेबरोबर निघून जाते. हे जसंच्या तसं जर्सीला लावू नका. जर्सी अंगाला लागून असते, आणि घाटात तासाला सात-आठ किलोमीटरने, वारा पाठीमागून असताना, काळी जर्सी तवाच होते. पण गडद रंग अतिनील किरण जास्त अडवतात हेही तितकंच खरं. मधला मार्ग म्हणजे लाल, गडद आकाशी, नारिंगी असे रंग. मी भडक पोपटी घालते, कारण हायवेवर ट्रकवाल्याला लांबून दिसणं हे मला उन्हाइतकंच महत्त्वाचं वाटतं. तोटा एकच: संध्याकाळी शेताच्या कडेने जाताना परिसरातली झाडून सगळी चिलटं अंगावर येऊन बसतात.

सैलपणाचंही तेच. थोडी हवा खेळेल एवढा सैल बरा. पण शिडासारखा फडफडणारा नको, आणि ताणून बसवलेला तर मुळीच नको. ताणलं की वीण उघडते आणि ऊन आत शिरतं. दोन मापांत अडकलात तर मोठं घ्या. मागून लांब आणि खाली इलास्टिक असलेला असेल तर कंबरेचा तो लाल पट्टा टळतो. पुढे पूर्ण चेन असावी, चढावर उघडता येते. जाळीदार कापड फक्त काखेत असावं. अख्खी पाठ जाळीची असेल तर रात्री पाठीवर चाळणीची छापील प्रत मिळते.

‘आपली कातडी सरावलेली आहे.’

मेलॅनिन, म्हणजे कातडीतलं रंगद्रव्य, खरंच कामाचं आहे. त्वचेचा कर्करोग आपल्याकडे गोऱ्या लोकांच्या मानाने बराच कमी होतो, उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. पण रापणं म्हणजे कातडीला इजा पोचल्यावर तिने केलेली धावपळ. वांग, मानेवरचा जाड काळपट पट्टा, अकाली सुरकुत्या यांत सावळ्या रंगाला सूट नाही. उलट काळे डाग आपल्या कातडीवर अधिक चिवट.

‘पहाटे निघालात तर प्रश्नच नाही.’

काका सात-साडेसातला घरी असतात. त्यांच्यापुरतं बरोबर. पण निघायची वेळ नव्हे, परतायची वेळ बघायची असते. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते. सहाला निघालेला शेवटचा गडी संध्याकाळी साडेसातला पोचतो, मधलं सगळं ऊन अंगावर घेऊन. घड्याळापेक्षा सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरण कडक झाले. मेमध्ये पुण्यात हे सव्वानऊ-साडेनऊलाच होतं, तेव्हा हवा अजून सुखद असते, म्हणूनच फसायला होतं.

‘यूपीएफ म्हणजे कंपन्यांचे धंदे.’

आकडा बनावट नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने १९९६ मध्ये त्यासाठी मानक आणलं, तिथल्या उन्हाने आणि तिथल्या कर्करोगाने त्यांना ते करायला लावलं. पण काकांचा संशय अगदीच अस्थानी नाही. हा आकडा साधारणपणे कोरड्या, न ताणलेल्या कापडाचा असतो. तुमचं कापड ओलं आणि ताणलेलं. शिवाय तो कापडापुरताच असतो. ५० यूपीएफच्या बिनबाह्यांच्या जर्सीत हात शून्य यूपीएफचेच राहतात. आणि ३० ला ३.३ टक्के किरण आत येतात, ५० ला २ टक्के. तेवढ्या फरकासाठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही, ते पैसे पूर्ण बाह्या असलेल्या साध्या जर्सीवर घाला.

आणि ते पूर्वज.

मूर्ख नव्हतेच. पण ते अर्ध्या बाह्यांचा होजिअरीचा टी-शर्ट कधी घालत होते? रानात जाणारा माणूस पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो, डोक्याला मुंडासं बांधतो. सासवडच्या पुढे ऊसतोडीच्या फडात बघा: बाया साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, मनगटापर्यंत बटणं लावून, आणि डोक्यावरून पदर. दिवसभर उन्हात काम करणारं कुणी हात उघडे टाकून करत नाही. आम्ही कॉलेजात स्कूटरवर स्कार्फ आणि सनकोट घालून हिंडायचो तेव्हा ‘आल्या चंबळच्या डाकू’ म्हणून हसणारे आज सायकलवर उघड्या दंडांनी फिरतात आणि संध्याकाळी कोरफड शोधतात.

खर्चाचं म्हणाल तर काकांना मी ग्रुपवर उत्तर दिलं ते असं: महागडी जर्सी नका घेऊ. आहे त्या अर्ध्या बाह्यांच्या ड्रायफिटवर (घाम ओढणाऱ्या पॉलिएस्टर टी-शर्टवर) सिग्नलला मिळतात त्या स्लीव्ह चढवा. घेताना एवढंच बघा, की मनगटापाशी अंगठा अडकवायला भोक आहे ना. हँडल धरल्यावर हाताची पाठ दिवसभर वरच असते, आणि स्लीव्ह वर सरकली की पहिला चटका तिथेच बसतो.