झाकली मूठ आणि उघडे दप्तर

गेल्या दिवाळीत घरच्यांशी फोनवर बोलताना एक जुना वाद पुन्हा निघाला. २००३ मध्ये जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरचे इंग्रजी पुस्तक आले, त्यातल्या मजकुरावरून संताप उसळला आणि ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जमाव शिरून पोथ्यापुस्तकांची नासधूस झाली. या गोष्टीला वीस वर्षे उलटून गेली, तरी आमच्या घरात ती अजून मिटलेली नाही. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तुमच्याकडे असले काही होत नाही. तिथे माणूस हवे ते लिहितो आणि निवांत झोपतो." मोठे काका जवळच बसले होते. ते म्हणाले, "ज्याला समाजात राहायचे आहे, त्याने समाजाची लक्तरे वेशीवर टांगू नयेत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मला दोघांचेही म्हणणे पटले नाही. मी १६ वर्षे अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरात राहते. आमच्या गल्लीतली बहुतेक घरे मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतच उगवलेल्या एका ख्रिस्ती पंथाची आहेत. आम्ही राहायला आलो त्या संध्याकाळी शेजारची बाई घरी भाजलेला पाव घेऊन दारात उभी होती, आणि माझ्या बाळंतपणात पंधरा दिवस या गल्लीतल्या बायकांनी पाळी लावून आमचे जेवण पाठवले. या लोकांविषयी मी जे लिहिणार आहे, ते या ऋणासकट लिहिते आहे.

मॉर्मन म्हटले की आपल्याकडे अनेक बायकांच्या संसाराची गोष्ट निघते, आणि 'मॉर्मनांची गुपिते' सांगणारी पुस्तके इथल्या विमानतळावरही मिळतात. त्यातली बरीचशी मंदिरातले विधी आणि अंगात घालायची पवित्र वस्त्रे यांच्यावर उपजीविका करणारी आहेत. ती मला वाचवत नाहीत. आपल्याकडे गुरुमंत्र कोणी चव्हाट्यावर सांगत नाही, आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडतही नाही. श्रद्धेला स्वतःची अशी एक बंद खोली असू शकते. परंतु ज्या मौनाखाली कोणाचे तरी दुःख पुरलेले असते, ते मौन वेगळे, आणि त्याला हात घालणारी खरी पुस्तके बहुतेक वेळा घरातल्याच माणसाने लिहिलेली असतात.

हुआनिता ब्रूक्स अशा घरातल्या होत्या. १८९८ मध्ये नेवाडातल्या बंकरव्हिल या लहानशा मॉर्मन गावात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी त्या शाळेत शिकवत असताना नीफाय जॉन्सन नावाचे एक वृद्ध गृहस्थ त्यांच्याकडे आले आणि म्हणाले की माझ्या डोळ्यांनी जे पाहिले आहे, ते माझ्या जिभेने कधी उच्चारलेले नाही. मरण्यापूर्वी ते लिहून ठेवायचे आहे आणि ते तू लिहावेस. ब्रूक्सबाईंना वाटले, शाळेला सुट्टी लागली की निवांत जाऊ. त्या गेल्या तेव्हा म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता, आणि भ्रमात 'रक्त, रक्त' असे ओरडत होता. त्या ओरडण्याचा अर्थ शोधण्यात पुढची तीस वर्षे गेली.

११ सप्टेंबर १८५७ रोजी दक्षिण युटातल्या माउंटन मेडोज या कुरणात, आर्कान्सासहून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या तांड्यातली सुमारे १२० माणसे मारली गेली. अमेरिकेचे सैन्य युटावर चालून येत होते आणि वातावरण भयाने भारलेले होते, हे खरे. पण तांड्याला पांढरे निशाण दाखवून, सुखरूप बाहेर काढण्याचे वचन देऊन, शस्त्रे खाली ठेवायला लावून मारले गेले, आणि हे करणारे स्थानिक मॉर्मन शिलेदार होते. त्यांच्याबरोबर काही पायुट आदिवासीही होते. बोलता येणार नाही इतकी लहान म्हणून १७ मुले तेवढी वाचली. पुढे कित्येक दशके सारा दोष पायुट लोकांवर टाकला गेला, आणि मॉर्मनांपैकी जॉन डी. ली या एकाच माणसाला १८७७ मध्ये त्याच कुरणात नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. एका माणसाच्या माथी सगळे मारले की बाकीचे गाव मोकळे होते.

ब्रूक्सबाई सेंट जॉर्ज गावात संसार आणि नोकरी सांभाळून लिहीत. असे सांगतात की टंकलेखन यंत्राजवळ त्या इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग ठेवत, आणि शेजारीण दारात दिसली की कपडे त्यावर टाकून इस्त्रीला उभ्या राहत. चर्चच्या दप्तरात त्या हत्याकांडाच्या साक्षी होत्या. त्या त्यांना दाखवण्यात आल्या नाहीत. १९५० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने त्यांचे पुस्तक काढले. त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले की ज्या चर्चची मी आहे, त्या चर्चला सत्याहून कमी काही पुरेसे असू शकत नाही. त्यांना काढून टाकण्यात आले नाही, पण त्यांच्या कामाकडे कित्येक वर्षे पाठ फिरवली गेली. लीचे सभासदत्व १९६१ मध्ये चर्चने मरणोत्तर परत दिले. ते जाहीर होऊ नये अशी वरिष्ठांची इच्छा असताना बाईंनी ते छापले. आणि या सगळ्या काळात त्या दर रविवारी चर्चमध्ये जात राहिल्या.

मी हे पुस्तक वाचल्यावर त्या कुरणात जाऊन आले. महामार्गाच्या कडेला टेकडीवर नावे कोरलेली ग्रॅनाइटची भिंत आहे, खाली दगडांची समाधी आहे, आणि मधल्या उतारावर करड्या रंगाची सेजची झुडपे. वाऱ्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. नावांच्या रांगेत एकाच आडनावाची आई, बाप आणि मुले वाचताना मला खाली बसावे लागले.

भावाला मी हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "बघ, त्यांच्या पुस्तकाला कोणी हात लावला नाही ना!" ते बरोबर आहे. पण इथे पुस्तकाऐवजी लेखकाला हात लावतात. फॉन ब्रोडी या ऑग्डेनमध्ये जन्मलेल्या बाईंनी १९४५ मध्ये पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांचे चरित्र लिहिले. त्यांचे सख्खे काका तेव्हा चर्चच्या सर्वोच्च मंडळात होते. पुढच्याच वर्षी ब्रोडीबाईंना बहिष्कृत करण्यात आले. सप्टेंबर १९९३ मध्ये तर एकाच महिन्यात सहा अभ्यासकांवर कारवाई झाली, पाच जणांचे सभासदत्व गेले. त्यांच्यात लव्हिना फील्डिंग अँडरसन होत्या. चर्चच्या अधिकाऱ्यांनी विचारवंतांना कसे वागवले, त्याच्या तारीखवार नोंदी त्यांनी एका नियतकालिकात छापल्या होत्या. काढून टाकल्यावरही त्या आपल्या चर्चमधल्या बाकावर दर रविवारी जाऊन बसत राहिल्या, २०२३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत. इथे प्रार्थनेच्या वेळी पावाच्या तुकड्यांचे तबक बाकांवरून हातोहात पुढे जाते. बहिष्कृताने तो तुकडा घ्यायचा नसतो. तीस वर्षे ते तबक त्यांच्यासमोरून पुढे गेले. पुन्हा सभासद करून घ्यावे, हा त्यांचा अर्ज स्थानिक अधिकाऱ्यांचा पाठिंबा असूनही २०१९ मध्ये वरून नाकारला गेला.

ही गोष्ट ऐकली त्या दिवशी मला माझे आजोळ आठवले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी शिमग्याला पालखी घरोघरी येते. मी नऊ-दहा वर्षांची असताना गावकीने एका घराला वाळीत टाकले होते, कारण त्या घरातल्या माणसाने देवस्थानच्या जमिनीचा हिशेब कागदावर मागितला होता. पालखी आमच्या अंगणातून निघाली, ढोल वाजत होते, त्या घराच्या दारात बाई नारळ आणि ओटीचे ताट घेऊन उभी होती, अंगण सारवून रांगोळी घातलेली होती, आणि पालखी न थांबता पुढच्या घराकडे वळली. त्या बाईने ताट लगेच आत नेले नाही. ती पालखी दिसेनाशी होईपर्यंत तशीच उभी राहिली. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला, याचा मला अभिमान आहे. अमेरिकेत धर्मसंस्थेने आपल्या सभासदाला काढून टाकणे हा तिचा स्वतःचा अधिकार मानला जातो, आणि तत्त्व म्हणून मी तो मान्यही करते. पण दगड फेकला नाही म्हणजे जखम झाली नाही, हे भावाचे म्हणणे मी मान्य करणार नाही.

काकांचे म्हणणे मात्र यापेक्षा जड आहे, कारण ते प्रेमापोटी आलेले आहे. त्यांना वाटते की मूठ उघडली तर घर मोडते. माझ्या शेजारणीच्या घरी मी याच्या उलट पाहिले.

तिच्या तळघरात गव्हाचे डबे आणि पीचच्या बरण्या यांनी भरलेली मांडणी आहे. वर्षभराचा शिधा साठवायची इथली रीत आहे. तिचा मोठा मुलगा दोन वर्षे धर्मप्रचाराचे काम करून परतला, आणि काही वर्षांनी पुस्तके वाचून तिला म्हणाला की जोसेफ स्मिथ यांच्या तीसहून अधिक बायका होत्या आणि त्यांच्यातली सर्वांत लहान पंधराचीही नव्हती. तिने त्याला खोटारडा म्हटले. तो घर सोडून गेला. आणि २०१४ मध्ये चर्चने स्वतःच आपल्या संकेतस्थळावर निबंध प्रसिद्ध केला: बायकांची संख्या काळजीपूर्वक केलेल्या अंदाजांनुसार ३० ते ४०, आणि एका मुलीचे लग्न तिच्या पंधराव्या वाढदिवसाच्या काही महिने आधीचे. शेजारीण मला म्हणाली, "मला त्याचे इतके दुःख नाही, जे १७० वर्षांपूर्वी घडले. मी माझ्या मुलाला खोटे ठरवले, आणि तो खरे बोलत होता." झाकलेल्या मुठीची किंमत अशी एखाद्या घरात, आई आणि मुलाच्या मध्ये, चुकती होत असते. ती आजही चर्चमध्ये जाते. त्या मांडणीवर पीचच्या बरण्यांमागे ब्रूक्सबाईंचे पुस्तक उभे असायचे. आता ते वर दिवाणखान्यात आहे.

चर्चचेही काही कोसळले नाही. १९७२ मध्ये लिओनार्ड अॅरिंग्टन हे अभ्यासू इतिहासकार चर्चच्या दप्तराचे प्रमुख झाले, कागद खुले झाले, मग वरिष्ठ घाबरले आणि दहा वर्षांत तो प्रयोग गुंडाळण्यात आला. खरे कागद बंद झाले की खोट्यांना भाव येतो: १९८०च्या दशकात मार्क हॉफमन या माणसाने बनावट कागद तयार करून ते चर्चलाच विकले, आणि बिंग फुटू नये म्हणून ऑक्टोबर १९८५ मध्ये बॉम्बने दोन जणांचे जीव घेतले. शेवटी दिशा बदलली. माउंटन मेडोजला दीडशे वर्षे झाली तेव्हा, २००७ मध्ये, चर्चच्या वतीने त्या कुरणात खेद व्यक्त झाला, पायुट लोकांवर टाकलेल्या दोषाबद्दलही. २००८ मध्ये चर्चशी संबंधित तीन इतिहासकारांनी, ब्रूक्सबाईंना नाकारल्या गेलेल्या साक्षी वापरून, त्याच विषयावर पुस्तक लिहिले. जोसेफ स्मिथ यांची कागदपत्रे २७ खंडांत छापून २०२३ मध्ये पूर्ण झाली. त्या खंडांत संस्थेला अडचणीचे कागदही आहेत.

हे खंड पाहताना मला इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांची आठवण येते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' २२ खंडांत काढताना ते गावोगाव हिंडले, माळ्यावरचे जुन्या कागदांचे रुमाल सोडवले, आणि त्या रुमालांत शौर्याबरोबर भाऊबंदकी, फितुरी आणि खंडणीचे कागदही निघाले. पुढे सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ भागांत आणले. त्यामुळे मराठ्यांची मान खाली गेली असे आजवर कोणाला वाटले नाही. मग आज आपण एवढे हळवे का झालो? २००९ मध्ये महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष आनंद यादव यांना तुकारामांवरच्या कादंबरीपायी पायउतार व्हावे लागले. ती कादंबरी फसली असे कोणाचे मत असेल, तर तसे लिहावे, कडक लिहावे; वारकऱ्यांचे दुखावलेले मन मी खोटे मानत नाही. परंतु उत्तर पुस्तकाने द्यावे, आणि पुस्तक लिहिणाऱ्याची जागा पंगतीतून उठवू नये. लेनच्या पुस्तकावरची बंदी उठवण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कायम केला. भांडारकरमधल्या फाटलेल्या पानांना मात्र कोणता निकाल जोडणार आहे?

हे सगळे मी काकांना पुढच्या रविवारी सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग मी त्यांना आमच्याच घराबद्दल विचारले. वाड्यातल्या पेटीत मोडी कागदांचे दोन रुमाल आहेत. मी कॉलेजात असताना एका मोडी जाणकाराने त्यातले चार कागद वाचले होते, आणि त्यातला एक आमच्या पणजोबांच्या विधवा भावजयीच्या हिश्श्याचा होता. तिच्या अंगठ्याचा ठसा असलेला, तिने जमिनीवरचा हक्क सोडल्याचा. तो वाचून झाल्यावर काकांनी रुमाल बांधून पेटीला कुलूप लावले होते. मी म्हटले, "काका, ते दोन्ही रुमाल भारत इतिहास संशोधक मंडळाला देऊया. सगळे कागद, तोही."

बराच वेळ फोनवर कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, "तिचे नाव काय होते, ते त्या कागदावर होते का गं?"

मी म्हटले, "होते, काका. आपण ते पुन्हा वाचून घेऊ."