शांत गावाला जायचंय? मग आधी घरात भांडून घ्या

आल्प्समध्ये स्कीइंगला जायचं, पण गर्दीच्या ठिकाणी नको, यावर घरात चटकन एकमत होतं. ते शेवटचं. शांत गावाची गोम अशी की तिथे ऐनवेळी काही मिळत नाही, त्यामुळे सगळी आरडाओरड निघण्याआधीच उरकावी लागते.

माझं मत ऑस्ट्रियातल्या ओबरगुर्गलला. उंची १९३० मीटर. ओट्झटाल खोरं इथे संपतं आणि पुढची टिमेल्सयोखची खिंड हिवाळ्यात बंद असते, म्हणजे सहज जाता जाता कुणी इथे टपकत नाही. अपवाद स्विस शास्त्रज्ञ ओग्युस्त पिकार यांचा. १९३१ साली ते फुग्यात बसून पार स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात गेले आणि उतरले ते थेट या गावाजवळच्या हिमनदीवर. ना व्हिसा, ना बुकिंग. आपल्याला दोन्ही लागतं.

पहिलं भांडण तारखांचं. नाताळ ते ६ जानेवारी खिशाला परवडत नाही, फेब्रुवारीत अर्ध्या युरोपच्या शाळांना सुट्टी. मार्चमध्ये ऊन छान, पण आपल्याकडे परीक्षा. उरतो जानेवारीचा उत्तरार्ध: उतार मोकळे, दर बरे, थंडी हाडं गोठवणारी. हॉटेलं बहुतेक शनिवार ते शनिवारच देतात. नवशिक्यांचे स्की-वर्गही रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात, त्यामुळे मंगळवारी पोहोचणाऱ्याचे वर्गबंधू तोवर वळायला शिकलेले असतात आणि हा अजून उभं राहायला शिकत असतो.

शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. तो काढला की लोक निर्धास्त होतात. बारीक अक्षरं वाचा. साध्या प्रवासविम्यात स्कीइंग बऱ्याचदा वगळलेलं असतं. हिवाळी खेळांची जोड वेगळी घ्यावी आणि हेलिकॉप्टरने उचलून न्यायचा खर्च त्यात धरलाय का, हे विचारून घ्यावं. नाहीतर पायाआधी बँक खातं प्लास्टरमध्ये.

जायला इन्सब्रुकहून ट्रेनने ओट्झटाल स्टेशन, तिथून बस. वाटेत झोल्डेनला पार्टीवाली मंडळी उतरतात आणि बसमध्ये आपलाच आवाज आपल्याला ऐकू येऊ लागतो.

खरा छळ बुटांचा. स्कीचे बूट सेंटिमीटरमध्ये मोजतात, तेव्हा घरीच भिंतीला टाच टेकवून पाऊल मोजून ठेवा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरकून सुटली पाहिजेत. ‘थोडा ऐसपैस द्या हो’ असं दुकानात म्हणू नये. सैल बुटात पाऊल हलतं, मग माणूस बकला आवळत सुटतो आणि नडगी सोलून निघते. मोजे लांब, पातळ आणि एकच जोड. दोन घातले तर रक्त दाबलं जाऊन पाय उलट गार पडतात. थर्मलची कड बुटात गेली तर दुपारपर्यंत तिची घडी पोटरीवर कोरली जाते.

मग दुकानदार वजन, उंची, वय आणि किती येतं ते विचारतो. लग्नाच्या बायोडेटात खपतं ते इथे खपत नाही. या उत्तरांवर आणि बुटाच्या तळव्याच्या लांबीवर बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला जखडणाऱ्या खटक्याचा ताण ठरतो. वजन चोरलं तर स्की भलत्या वळणावर निसटते. येत नसताना ‘येतं’ म्हटलं तर पडताना ती सुटायची तेव्हा सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो.

इतक्या उंचीवर वरच्या उतारांवर झाडं नसतात. ढग उतरला की जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. म्हणून गॉगलला उन्हाची गडद काच तर हवीच, शिवाय अंधुक उजेडासाठी फिकी एस-वन काचही न्या. फोटोत ती तितकीशी शोभत नाही, पण खड्डा दिसतो.

जेवण हाफ बोर्डच, म्हणजे हॉटेलातच नाश्ता आणि रात्रीचं जेवण असं घ्या, रात्री उपाहारगृहं शोधत हिंडण्याइतकं गाव मोठं नाही. शाकाहाऱ्यांनी बुकिंगच्याच ईमेलमध्ये मांस, मासे आणि ‘मांसाचा स्टॉकही नको’ असं स्वच्छ लिहावं. तिथलं निरागस दिसणारं पातळ सूप बहुधा गोमांसाच्या स्टॉकवर केलेलं असतं. चीज आणि तळलेल्या कांद्याचं केझश्पेट्झले पोटभर होतं, मात्र त्यात अंडं असतं. चिवडा खुशाल न्या. साजूक तुपाची बरणी घरीच ठेवा; युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ सामानातून नेता येत नाहीत आणि ‘औषधी आहे’ हे कस्टमला पटत नाही.

शेवटचा मुद्दा हॉटेलातल्या सॉनाचा, म्हणजे घाम काढणाऱ्या गरम खोलीचा. दिवसभर आपटलेल्या अंगाला त्यासारखं सुख नाही. फक्त ऑस्ट्रियात सॉनामध्ये स्त्री-पुरुष सहसा एकत्रच बसतात आणि कपडे, अगदी पोहण्याचेसुद्धा, चालत नाहीत. खाली टॉवेल तेवढा अंथरायचा. सासू-सासऱ्यांना सोबत नेत असाल, तर ही माहिती त्यांना विमानात बसण्याआधी द्यायची की नंतर, हे ज्याचं त्याने ठरवावं.