चुन्यात कालवलेला निवडुंग

आमच्या वसईच्या शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वर्षभर वाढदिवसांवर चालतो आणि मे महिन्यात पेटतो. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात किल्ला घेतला, त्याची आठवण निघते आणि मागोमाग प्रश्न येतो: किल्ल्यातली ती पडकी चर्चं सांभाळायची कशाला? एक बाजू म्हणते गुलामीच्या खुणा, दुसरी म्हणते वारसा. गोव्यात तर २०२३ साली खुद्द मुख्यमंत्र्यांनी पोर्तुगीज खुणा पुसायची भाषा केली. यंदा मी मध्ये तोंड घातलं, तर एकाने ऐकवलं, "तिकडे बसून बोलायला तुझं काय जातं?"

खरं आहे. पण तिकडे म्हणजे ॲरिझोनातल्या टूसॉनला, माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर, हाच प्रश्न पांढराशुभ्र उभा आहे. सान झेवियर देल बाक नावाचं चर्च. युसेबियो किनो या जेसुइट पाद्र्याने १६९२ साली इथे मिशनचा पाया घातला आणि नाव दिलं ते आपल्या गोव्यात चिरनिद्रा घेणाऱ्या फ्रान्सिस झेवियरचं. आई आली होती तेव्हा तिला आत नेलं. बाजूला संताची आडवी मूर्ती आहे, अंगावर चादर, चादरीला टाचलेले नवसाचे इवलेसे धातूचे हात-पाय. लोक रांगेने येऊन मूर्तीचं डोकं हलकेच उचलून बघतात. आई म्हणाली, "अगं, हा तर गोंयचो सायब! इथवर कसा आला?"

आता दिसतं ते चर्च १७८३ ते १७९७ या काळात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी बांधून घेतलं. त्यासाठी एका जमीनदाराकडून ७,००० पेसो उसने काढले, तारण काय, तर मिशनच्या शेतात अजून पेरायचाही होता तो गहू! घाम मात्र इथल्या मूळनिवासी ओओधाम लोकांचा. पूर्वेकडचा मनोरा अर्धाच राहिला. त्याच्या दंतकथा पुष्कळ ऐकायला मिळतात. मला वाटतं, पैसे संपले असतील, दुसरं काय.

आमच्या ग्रुपच्या हिशेबाने ओओधाम लोकांनी हे चर्च कधीच पाडायला हवं होतं. राग नव्हता असं मुळीच नाही. १७५१ साली त्यांच्यातल्या अनेकांनी स्पॅनिशांविरुद्ध उठाव केला, त्यात पाद्रीही मारले गेले. पण पुढे मेक्सिको स्वतंत्र झाला (हा मुलूख तेव्हा त्यातच होता), स्पॅनिश पाद्री गेले, चर्च ओस पडलं, तेव्हा आतल्या मूर्ती आणि पूजेचं सामान याच लोकांनी घरी नेऊन जपलं. १८५४ मध्ये हा मुलूख अमेरिकेकडे आला. आज चर्च त्यांच्याच राखीव जमिनीवर आहे, आणि रविवारी बाहेर काटक्यांच्या मांडवाखाली त्यांच्या बायका तळलेल्या फुगीर रोट्या विकतात. आपल्या भटुऱ्याची चुलत बहीण म्हणा, फक्त वर मध.

वसईशी तुलना सरळ जुळत नाही, हे मलाही कळतं. तिथली चर्चं ओसाड आहेत, हे नांदतं आहे. आणि आपण पोर्तुगीजांचं सगळंच टाकलं होतं कुठे? वसईची घंटा नाशकात नारोशंकराच्या देवळावर मानाने टांगलीच ना!

पण मला बोलायचंय ते वेगळंच. 'कुणाचं' यावर आपण भांडत बसतो, तोवर भिंतीवर काय चोपडलं जातंय याकडे कुणी बघत नाही. झेवियरच्या विटांवर विसाव्या शतकात सिमेंटचा गिलावा मारला होता. मजबुती म्हणून! सिमेंटला भेगा पडल्या, पाणी आत शिरलं, बाहेर पडायला वाट नाही. आतली चित्रं ओलीने पोपडे धरून सुटू लागली. १९९२ ते १९९७ या काळात युरोपातून आलेल्या जाणकारांनी आतलं काम केलं आणि हाताशी घेऊन ओओधाम तरुणांनाही शिकवलं. बाहेरचं सिमेंट काढून पुन्हा चुना आला. त्या चुन्यात इथल्या निवडुंगाचा रस घालतात: फड्या कापून पाण्यात टाकायच्या, बुळबुळीत पाणी गाळून घ्यायचं आणि त्यात चुना-वाळू कालवायची. मी सांगत होते आणि आई सावलीतल्या भिंतीवर तळवा ठेवून ऐकत होती. म्हणाली, "आपल्याकडे गूळ, हिरडा नि बेलफळ घालायचे."

वर्षाला जेमतेम तीस सेंटीमीटर पाऊस. त्यालाही इथले लोक कौतुकाने मान्सून म्हणतात, मला हसू येतं. तेवढ्या पावसाला भिऊन ही मेहनत. आणि जुन्या गोव्यात, जिथे झेवियरचा देह आहे त्या बॉम जेझू चर्चचा गिलावा १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने 'दगड छान दिसतो' म्हणून खरवडला. तेव्हापासून जांभा चार-चार महिने पाऊस खातोय. गिलावा पुन्हा चढवावा की नाही, यावर अजून चर्चाच. गडांवरही डागडुजीच्या नावाखाली सिमेंटच्या गोण्या चढलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. तिथे धर्म आडवा येत नाही, आळस येतो. चुना भिजवायला, मुरवायला दिवस लागतात; टेंडरला तेवढा दम नसतो.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं, सोबत भिंतीचा फोटो टाकला. दोन दिवस शांतता. मग उत्तर आलं ते मला टोमणा मारणाऱ्याचंच. तो नालासोपाऱ्यात बांधकामाचे ठेके घेतो. लिहिलं होतं, "एका घमेल्याला निवडुंग किती?"